पीएचपीचे ‘फाइल्स’ व्हेरिएबल : एका हंगामाचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद आडत दुकानासाठी, शेतकऱ्यांना गावाहूनच नमुन्याचे फोटो पाठवता यावेत म्हणून, मी एक लहानसा फॉर्म तयार केला आणि फाइल स्वीकारण्याचे काम पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतील ‘फाइल्स’ या अंगभूत व्हेरिएबलवर (आलेल्या फाइल्सची माहिती ठेवणाऱ्या कप्प्यावर) सोपवले.

पीएचपी ४.१ पासून असलेली ही सोय वापरायला सुटसुटीत आहे. प्रत्येक फाइलचे नाव, प्रकार, आकार, तात्पुरता पत्ता आणि एररचा क्रमांक आयता हाती येतो. हे क्रमांकही नेमके आहेत : १ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी, ३ म्हणजे अर्धवट पोहोचलेली, ४ म्हणजे फाइल निवडलेलीच नाही. (५ हा क्रमांक मात्र यादीतच नाही.)

माझी खरी तक्रार मर्यादांबद्दल आहे. एका फाइलला मुळात २ एमबीचीच मुभा असते. मोबाइलच्या फोटोंना ती अपुरी पडते, म्हणून मी ती १० केली. पुढे एका शेतकऱ्याने राजापुरी हळदीचे तीन मोठे फोटो एकदम पाठवले, तेव्हा फॉर्मने ‘नाव भरा’ असे बजावले. “नाव तर लिहिलंय की वो वर!” असे तो फोनवर सांगत होता आणि ते खरेच होते. संपूर्ण फॉर्मची ८ एमबीची वेगळी मर्यादा मी वाढवलीच नव्हती, आणि ती ओलांडली की ‘फाइल्स’बरोबर ‘पोस्ट’ही (फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर ठेवणारे व्हेरिएबल) रिकामे होते, त्यामुळे एररचा क्रमांक वाचायला काही उरतच नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये ८३८८६०८ बाइट्सची (म्हणजे ८ एमबीची) मर्यादा ओलांडल्याचा इशारा सापडेपर्यंत माझी एक संध्याकाळ गेली.

अनेक फाइल्स एकत्र घेतल्यास आधी सगळी नावे, मग सगळे आकार, अशी उलटी मांडणी मिळते, तीही खटकते. फाइलचा प्रकार ब्राउझर सांगेल तोच नोंदवला जात असल्याने तो ‘फाइलइन्फो’ने (फाइलमधील मजकुरावरून प्रकार ओळखणाऱ्या पीएचपीच्या सोयीने) तपासूनच घ्यावा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद दीर्घकाळ टिकत असे. येथील तात्पुरत्या फोल्डरमधील फाइल मात्र ‘मूव्ह अपलोडेड फाइल’ या फंक्शनने कायमच्या जागी हलवली नाही, तर स्क्रिप्ट संपताच पुसली जाते.

आता फॉर्मची मर्यादा ४० एमबी आहे आणि आलेल्या फॉर्मचा एकूण आकार मी सर्वांत आधी तपासतो. तो शेतकरी मात्र अजूनही एकेकच फोटो पाठवतो.