काकांचा रिसिव्हर: कंडेन्सर बदलल्यानंतरचे आठ महिने

रिसिव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात) जपानी, १९७८ साली काकांनी कुवेतहून आणलेला. मधली दहाएक वर्षं माळ्यावर होता. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला, धूळ झटकली, आतली झुरळांची अंडी ब्रशने काढली आणि स्वीच दाबला. चार सेकंदांनी आतला रिले (स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्वीच) 'टक' करून लागला आणि दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढंच. रेकॉर्ड लावली तर सुरुवातीचा तंबोरा कुठला आणि हे घूं कुठलं, कळेना.

व्हॉल्यूम फिरवून घूं कमी-जास्त होत नसेल, तर आधी पॉवर सप्लायवर संशय घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडमधून, बाहेर पडते ती १०० हर्ट्झच्या उड्या मारत. त्या उड्या सपाट करायचं काम दोन मोठ्या कंडेन्सरचं. (कॅपॅसिटर म्हणा हवं तर, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीतल्या जुन्या लोकांत अजून कंडेन्सरच चालतं.) आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कागद आणि रसायनाचा ओलावा. तो वाळला की कंडेन्सर उरतो नावापुरता. उष्णतेने तर आणखी लवकर वाळतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. माझ्या सेटमधले दोन्ही हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंख्यांना, खेटून बसलेले.

नेटवर सर्व्हिस मॅन्युअल मिळालं आणि कामाला लागलो. जुने कंडेन्सर ५० व्होल्टचे होते, मी ६३ चे घेतले. सेट २२० व्होल्टवर बेतलेला आणि आमच्याकडे संध्याकाळी २४० भरतात, त्यामुळे आतले ३५ व्होल्ट माझ्या मीटरवर ३८ दिसत होते. निचिकॉन या जपानी कंपनीचे, १०५ अंशांपर्यंत चालणारे आणले. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचे) नवे कंडेन्सर इतके बारके निघाले, की जुन्या पत्र्याच्या कड्यात खुळखुळायला लागले. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवले. दिसायला गावठी आहे, पण आठ महिन्यांत हललेले नाहीत. जुने काढण्याआधी शंभर ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर लावून त्यांतली साठलेली वीज रिकामी केली. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणारे मेकॅनिक मी पाहिलेत. तसं करू नका.

घूं त्याच रात्री गेलं. खरं तर इथे थांबलो असतो तरी चाललं असतं.

पण 'सगळे बदलले की आवाज उघडतो' हे इतक्यांदा ऐकलं होतं, की खरंखोटं बघावंसं वाटलं. म्हणून फक्त डाव्या चॅनेलचे छोटे कंडेन्सर बदलले, उजवा तसाच ठेवला, सेट मोनोवर टाकला आणि दोन दिवस बॅलन्सचं बटण इकडून तिकडे फिरवत बसलो. टोन कंट्रोलच्या भागात मला तरी काडीचा फरक कळला नाही. काढलेले कंडेन्सर मोजले, तर बरेचसे ठणठणीत होते. काही १०० चे १३० दाखवत होते. हे मात्र तब्येतीचं लक्षण नव्हे, गळका कंडेन्सरही मीटरला फसवून जास्त आकडा दाखवतो. फिल्म कंडेन्सर (आत ओलावा नसतो, प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो) एकही खराब निघाला नाही. उजवीकडचे नंतर बदलले ते जोडी जुळावी म्हणून. एकूण ४१ बदलले, त्यातले निम्मे उगाच, असं माझं प्रामाणिक मत.

खरा फरक पडला तो भलतीकडेच. डावीकडे रेकॉर्डवर अधूनमधून चर्रर्र, मध्येच कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. दोष होता छोट्या ट्रान्झिस्टरचा, २एससी४५८ चा. त्या काळच्या जपानी सेटांत हा पोत्याने सापडतो. चांदीचा मुलामा असलेले पाय काळे पडले असले की हा बदलायचाच. मी हाताशी होता तो बीसी५४६ बसवला, जुना जसा होता तसाच, सरळ. सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब, आत शॉर्ट असेल तर भडकतो) लावून सेट चालू केला. बल्ब शांत. चार सेकंद झाले, दहा झाले, टक काही होईना. मीटर लावला तर रिलेच्या अलीकडे ३४ व्होल्ट डीसी! जुन्यात मधला पाय कलेक्टरचा, बीसी५४६ मध्ये बेसचा; डेटाशीट उघडायचा मला कंटाळा आला होता. रिले नसता तर हे ३४ व्होल्ट थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये गेले असते. पुढे केएससी१८४५ मागवले, त्यांचे पाय जुन्यासारखेच आहेत. आता ते डीसी दोन्हीकडे १५ मिलिव्होल्टच्या आत आहे. ५० पर्यंत चालतं.

दुसरी गोष्ट, तो तपकिरी डिंक. कंपोनंट हलू नयेत म्हणून कारखान्यात लावायचे. तेव्हा पिवळा असतो. वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो, तारांचे पाय खातो आणि वीजही वाहून नेतो. एका डायोडचा पाय मी डिंक खरवडताना हातात आला. कंडेन्सर बदलायच्या उत्साहात लोक हा डिंक तसाच ठेवतात आणि महिन्याभराने सेट पुन्हा बंद.

डायलचे बल्ब काढून पांढरे एलईडी टाकले होते. बायको म्हणाली, "मोबाईलचं दुकान दिसतंय." काढले. पिवळसर आणून लावले.

खर्च साडेचार हजारांच्या आसपास. त्यात ऑनलाइन घेतलेले आठशेचे बनावट कंडेन्सरही आले: बाहेर नामांकित कंपनीचं वेष्टण, मोजलं तर निम्मेच मायक्रोफॅरड. वजनाला हलके लागले तेव्हाच शंका यायला हवी होती. जुन्या बाजारात सेट शोधत असाल तर मागची पट्टी वाचा. खास जपानसाठी बनवलेला सेट १०० व्होल्टचा असतो आणि त्याचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. पुण्यात १०१ लागणार नाही.

काम जानेवारीत संपलं, आता गणपती आलेत. घूं परत आलेलं नाही. जुलैमध्ये मात्र, सादळलेल्या हवेत, हळू आवाजात डावा चॅनेल गायब व्हायला लागला. आवाज वाढवला की परत यायचा. मी पुन्हा कंडेन्सरवर संशय घेऊन दोन रविवार घालवले. दोष रिलेच्या काळवंडलेल्या टोकांत होता. पॉलिश पेपर न लावता, लग्नपत्रिकेची पट्टी कापून कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये बुडवली आणि टोकांमधून चार वेळा ओढली. महिनाभर टिकलं, मग नवा रिले टाकला. त्याचा 'टक' जुन्यापेक्षा बारीक आहे. काका परवा आले होते, त्यांनी सेट चालू करून मान वर केली आणि विचारलं, "लागला का रे?"