सामाजिक अध्ययन सिद्धांत निवडावा की साधक अभिसंधान?

प्रबंधासाठी किंवा वर्तनबदलाच्या एखाद्या उपक्रमासाठी सैद्धांतिक चौकट ठरवताना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सामाजिक अध्ययन सिद्धांत (माणूस इतरांचे वर्तन पाहून शिकतो) आणि बी. एफ. स्किनर यांचे साधक अभिसंधान (वर्तनाच्या बऱ्यावाईट परिणामांवरून ते वाढते किंवा घटते) हे पर्याय हमखास समोर येतात. माझ्या मते निवड आपल्या प्रश्नावरून व्हावी. नवे वर्तन अंगी कसे येते, हे बांडुरांचा सिद्धांत अधिक चांगले उलगडतो. आलेले वर्तन टिकते कशामुळे, हे स्किनर यांच्या चौकटीत अधिक नेमकेपणाने मोजता येते.

साधक अभिसंधानात वर्तन आधी घडावे लागते आणि मग प्रबलनाने, म्हणजे त्यानंतर मिळणाऱ्या बक्षिसासारख्या परिणामाने, ते दृढ होते. परंतु वाहन चालवणे किंवा शस्त्रक्रिया करणे यांसारखी कौशल्ये केवळ स्वतःच्या चुकांतून शिकायची म्हटले, तर शिकणारा आणि इतर लोक दोघांच्याही जिवावर बेतेल. निरीक्षणातून होणाऱ्या अध्ययनाचे स्पष्टीकरण देताना बांडुरांनी अवधान (लक्ष देणे), धारणा (पाहिलेले स्मरणात ठेवणे), पुनरुत्पादन (ते स्वतः करणे) आणि प्रेरणा अशा चार प्रक्रिया मांडल्या. उपक्रम फसला तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर फसला, हे यामुळे शोधता येते, आणि व्यवहारात हा फार मोठा लाभ आहे.

बांडुरांच्या १९६१ च्या प्रसिद्ध बोबो बाहुली प्रयोगात मुलांनी एका प्रौढ व्यक्तीला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना पाहिले आणि नंतर ती तिचे अनुकरण करतात का, हे तपासले गेले. सिद्धांताचे खरे बळ मात्र मला या प्रयोगापेक्षा त्यांच्याच १९६५ च्या प्रयोगात दिसते. त्यात बाहुलीला मारणाऱ्या व्यक्तीला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी तिचे अनुकरण कमी केले. परंतु तसे करून दाखवल्यास बक्षीस मिळेल असे सांगताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे मुले शिकली होती, फक्त ते वर्तनात उतरले नव्हते. अध्ययन आणि कृती यांतील हा भेद केवळ दृश्य वर्तन नोंदवणाऱ्या चौकटीत सहज पकडता येत नाही.

मर्यादाही त्याच प्रयोगशाळेतून दिसू लागतात. १९६१ च्या प्रयोगात ७२ मुले होती आणि ती सर्व एकाच विद्यापीठाच्या बालवाडीतली होती. चाचणीपूर्वी त्यांना आकर्षक खेळणी दाखवून ती काढून घेण्यात आली, म्हणजे त्यांना मुद्दाम चिडवले गेले. ढकलली की पुन्हा उभी राहणारी बाहुली मुळात मारण्यासाठीच असते; तिला मारण्यावरून माणसांविषयीची आक्रमकता ताडणे धाडसाचे आहे. निरीक्षण आणि चाचणी यांत अंतरही थोडेच होते, त्यामुळे दीर्घकालीन परिणामांविषयी हा प्रयोग फारसे काही सांगत नाही. शिवाय एकच दृश्य पाहून एक मूल अनुकरण करते आणि दुसरे करत नाही, यामागील जन्मजात स्वभावाचा वाटा या मांडणीत दुय्यम राहतो. स्किनर यांची चौकटही येथे विशेष मदत करत नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

मोजमापाच्या बाबतीत साधक अभिसंधान सरस ठरते, कारण प्रबलनाचे वेळापत्रक (ते केव्हा आणि किती वेळा मिळते) आणि प्रतिसादांची संख्या थेट नोंदवता येते, तर धारणा किंवा स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास यांचा बराचसा अंदाज प्रश्नावलीतून घ्यावा लागतो. एखादी जुनी सवय टिकवायची वा मोडायची असेल, तर मी याच बाजूने कौल देईन.

नवे कौशल्य शिकवायचे किंवा भीती घालवायची असेल, तर बांडुरांची चौकट घ्यावी, पण केवळ चित्रफीत दाखवून थांबू नये. सापांच्या भीतीवर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, साप हाताळणारी व्यक्ती प्रत्यक्ष पाहून मार्गदर्शनाखाली स्वतः कृती करणाऱ्यांना चित्रफीत पाहणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला.