जुन्या पिकअपचा डायनॅमो: दुरुस्त करावा, नवा टाकावा की भंगारातला आणावा?

डायनॅमो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. तो बॉनेट उघडताच हाताला लागणारा असेल तर फार डोकं खाजवू नका. निर्णय चुकला तरी तासाभरात पुन्हा उतरवता येतो. पण तो खाली, एका बाजूला चासी आणि दुसऱ्या बाजूला एसीचा कॉम्प्रेसर अशा कोंडीत बसवलेला असेल, तर हिशोब बदलतो. एखादा बोल्ट वरून दिसतो पण पान्हा फिरत नाही, दुसऱ्याला पान्हा लागतो पण तो दिसत नाही. अशा ठिकाणी मालाच्या किमतीपेक्षा मजुरी आणि बुडालेली भाडी जड जातात. त्यामुळे पुढची सगळी तुलना मी एकाच प्रश्नावर करतोय: हा पुन्हा किती लवकर उतरवावा लागेल?

उतरवण्याआधी खरंच तोच गेलाय का, हे बघा. मल्टिमीटर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडा रेस दिला की 13.8 ते 14.5 यायला हवेत. आकडा वाढलाच नाही तर आधी पट्ट्याचा ताण, डायनॅमोपासून बॅटरीकडे जाणारी जाड वायर आणि इंजिनची अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी पट्टी) तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर अर्थची पट्टी हिरवी पडलेली सापडणं काही नवल नाही. मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर संशय डायोड प्लेटवर (एसी करंटचा डीसी करणारा आतला भाग) घ्या. चार्जिंग होतंय का ते बघायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी खोड मात्र कुणालाही करू देऊ नका. त्यानेच चांगले डायोड जळतात.

पट्टाच तुटला असेल तर गाडी तिथेच उभी करा. बहुतेक जुन्या इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. पट्टा शाबूत असून फक्त चार्जिंग बंद असेल, तर साध्या डिझेल पंपाची गाडी दिवसाउजेडी घरापर्यंत येते. कॉमन रेलवाली (डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने सोडणारी) मात्र बॅटरी उतरली की घोडबंदरच्या चढावर मधेच बंद पडू शकते.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त कुर्ल्याचा भंगारातला. दिसायला तसाच, पण त्याचे बेअरिंग किती फिरलेत, आत पाणी गेलं होतं का, काहीच कळत नाही. सोप्या जागेचा असता तर मी घ्या म्हटलं असतं. अडचणीच्या जागेसाठी अजिबात नाही. अपवाद एकच: गाडी महिन्या-दोन महिन्यांत विकायचीच असेल तर.

दुसरा पर्याय बाजारातला नवा पण डुप्लिकेट. डबा चकचकीत, किंमत मोहात पाडणारी. माझ्या मते हा भंगारातल्यापेक्षाही फसवा, कारण नवा टाकला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मुंब्रा बायपासला रात्री हेडलाइट मंद व्हायला लागतात.

खरी लढत आहे ती स्वतःचाच डायनॅमो दुरुस्त करणं आणि कंपनीचा नवा टाकणं, या दोघांत.

दुरुस्तीचा मोठा फायदा असा की बॉडी आणि वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) मूळ कंपनीचं राहतं. आत झिजतात ते कार्बन (ब्रश), बेअरिंग, कटआउट (व्होल्टेज रेग्युलेटर) आणि डायोड प्लेट, आणि हे सगळं सुटं मिळतं. गडबड होते ती काटकसरीत. वायरमन, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रिशियन, म्हणतो, “शेठ, फक्त कटआउट गेलंय, बाकी ठीक आहे,” आणि तेवढंच बदलून घेतलं जातं. कोंडीतल्या डायनॅमोसाठी हे चालणार नाही. एकदा खाली आला की चारही गोष्टी बदला, कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या रिंगा बघा, आणि चांगल्या ब्रँडचेच बेअरिंग टाका. एवढं करूनही खर्च नव्यापेक्षा बराच कमी येतो.

दुरुस्ती कधी नको? वाइंडिंग काळी पडून जळका वास येत असेल, किंवा बेअरिंग बॉडीतच फिरून त्याची बैठक सैल झाली असेल, तर नवाच घ्या. वाइंडिंग पुन्हा भरून मिळते, पण ती कंपनीच्या भरणीइतकी टिकेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. नवा घेताना जुन्याच्या पाटीवरचे अँपिअर, पुलीच्या खाचा आणि कनेक्टर जुळवून घ्या.

पुष्कळ जुन्या डिझेल पिकअपमध्ये डायनॅमोच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप (पेडल हलकं ठेवणारा) असतो, आणि बरेच निर्णय इथे फिरतात. त्याला इंजिनाचं ऑइल जातं. शाफ्टचं सील गेलं की ते डायनॅमोत उतरतं, कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते आणि चार्जिंग बसतं. अशा वेळी सील न बदलता केलेली दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. ब्रेकचं पेडल अलीकडे कडक लागत असेल तर पंपही त्याच खेपेला बघून घ्या. पंपही झिजलेला निघाला तर मी पंपासकट नवा घेण्याकडे झुकेन. बसवताना पंपात थोडं ऑइल घालायला सांगा, म्हणजे सुरुवातीला तो कोरडा फिरत नाही. ऑइल पाइपचे तांब्याचे वॉशरही नवे.

काम कुठे द्यायचं? अधिकृत वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा आख्खा नवा डायनॅमो टाकतात, बिल आणि वॉरंटी मिळते, पण गाडी रांगेत थांबते. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्यातला मुरलेला वायरमन डायनॅमो उघडून समोर दाखवतो. मात्र उतरवायचं काम अनेकदा मेकॅनिकचं असतं आणि दुरुस्ती वायरमनची. पुन्हा बिघडलं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून उतरवणं-बसवणं धरून एकच भाव ठरवा आणि परत उघडावं लागलं तर मजुरी कुणाची, हे आधीच बोलून घ्या. स्वतः करणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, आणि पंखा किंवा रेडिएटरचा पाइप सोडवावा लागणार असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

गाडी ताब्यात घेताना हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू करून मीटर लावा. 13.5 च्या खाली जात असेल तर पैसे देऊ नका. जुने काढलेले भागही मागून घ्या. काय बदललं आणि काय नुसतं पुसून परत लावलं, ते तिथेच दिसतं.