कार्डविक्रीसाठी पारदर्शक पाकिटं: गोंदपट्टी कुठे आहे ते आधी बघा
उरलेली हस्तनिर्मित शुभेच्छापत्रं मदतनिधीच्या विक्रीला द्यायची तर ही पाकिटं उत्तम, पण गोंदपट्टी झडपेवर नको, पाकिटाच्या अंगावरच हवी. झडपेवरची पट्टी कार्ड काढताना रिबन, मणी ओढून नेते आणि एवढं नाजूक काम क्षणात वाया जातं. फार वाईट वाटतं! ए६ कार्ड १०५ × १४८ मिमी असलं तरी पाकिटात ते लिफाफ्यासकट जातं, म्हणून माप सी६ लिफाफ्याचं धरा, म्हणजे ११४ × १६२ मिमी, शिवाय तीन-चार मिमी मोकळीक. फोमवर उचललेली फुलं असतील तर आणखी मोठं घ्या, नाहीतर कडा वाकतात. जुन्या कार्डांवरची दुहेरी टेप सुकून सुटते; सपाट तुकडे पांढऱ्या गोंदाने पुन्हा चिकटवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा, नाहीतर आत दमटपणा कोंडतो.