हाताची धमनी अडली: नुसता फुगा की स्टेंट?
हाताला रक्त पुरवणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद झाली की काम करताना हात भरून येतो आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात 15 किंवा त्याहून जास्त फरक दिसू शकतो. बहुतेकदा डाव्या बाजूला.

धमनीत छोटा फुगा नेऊन फुगवला की वाट मोकळी होते आणि आत काही राहत नाही, ही जमेची बाजू. पण उगमाजवळचा कॅल्शियम साचलेला कडक थर फुगा काढल्यावर पुन्हा आत येऊ शकतो. स्टेंट, म्हणजे धमनीत बसवलेली जाळीची नळी, तो रोखून धरतो. धमनी पूर्ण बंद असेल तर माझा कौल स्टेंटलाच. मात्र स्टेंटच्या जाळीतही पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होते. वर्षानुवर्षांचा विचार करता स्टेंटच सरस, असं छातीठोकपणे सांगण्याइतका भक्कम पुरावा नाही.

जागाही पाहावी लागते. कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या मधल्या चिमट्यात स्टेंट चेपतो, मोडूही शकतो. तिथे तो शक्यतो टाळतात. ताकायासू आजारात (यात मोठ्या धमन्यांच्या भिंतींचा दाह होतो) दाह सुरू असताना, तातडी नसेल तर दोन्ही उपचार थांबवलेलेच बरे.

हृदयाच्या बायपासमध्ये डाव्या सबक्लेव्हियनमधून निघणारी छातीतली मॅमरी धमनी वापरलेली असेल, तर हृदयाचा रक्तपुरवठाही याच वाटेवर असतो. अशा रुग्णांनी दोन्ही हातांचा रक्तदाब तपासणं अजिबात चुकवू नये.