सात महिने रोज तीन सुके अंजीर: पोटाचं खरं, रक्ताचं नाही

गेल्या जूनमध्ये हिमोग्लोबिन ९.४ आलं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चौथ्या दिवसापासून पोट साफ होईना. नणंदेने फोनवरून फर्मान काढलं, “वहिनी, रात्री तीन अंजीर भिजत घाल, सकाळी पाण्यासकट खा. रक्तही वाढेल.”

पोटाचं आधी सांगते. पहिला आठवडा ढिम्म. दहाव्या दिवसाच्या आसपास सकाळचं कुंथणं थांबलं, ते आजतागायत. १०० ग्रॅम सुक्या अंजिरात साधारण १० ग्रॅम तंतू असतात. माझे तीन काट्यावर ३० ग्रॅम भरले, म्हणजे तीनेक ग्रॅम. पाणीही मी तेव्हापासून जास्त पिते, त्याचाही वाटा असणार. एकदा हावरटपणाने सात खाल्ले आणि ऑफिसला दांडी मारावी लागली.

रक्ताचा हिशेब मात्र जुळत नाही. १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम २ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या वाट्याला ०.६. बाईची रोजची शिफारस आहे २९ मिलिग्रॅमची! हिमोग्लोबिन आता ११.८ आहे, ते गोळ्यांच्या कृपेने. नणंद अजून सगळ्या नातेवाइकांत अंजिराचंच कौतुक सांगत फिरते. मी गप्प बसते, पोट तिच्यामुळेच सुधारलंय ना.

कॅल्शियम फळाच्या मानाने बरं, १०० ग्रॅमला १६० मिलिग्रॅमच्या आसपास. पण जवळजवळ निम्मं वजन साखरेचं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना मधुमेह. ‘फळच आहे, चालतंय’ म्हणून त्यांनाही रोज तीन देत होते. घरच्या मशीनवर आकडे चढलेले दिसले तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. डॉक्टरांना विचारून आता त्यांना एकच, तोही रोज नाही.

खरेदीत एकदा फसले. स्वस्त म्हणून मागवलेल्या पाकिटात अळ्या निघाल्या. पैसे परत मिळाले, पण आधी किती पोटात गेल्या देव जाणे. आता दोरीत ओवलेली अफगाणी माळ घेते, पावशेरच, आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवते. भिजवण्याआधी प्रत्येक अंजीर फाडून उजेडात बघते. घरचे हसतात, हसू देत.

डिसेंबरात एका लग्नासाठी पुरंदर तालुक्यातल्या सासवडला गेलो, तिथे खट्ट्या बहाराचे, म्हणजे हिवाळी हंगामातले, ताजे अंजीर मिळाले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. जांभळट साल, आत लालसर गर. ताज्यात पाणीच जास्त, त्यामुळे १०० ग्रॅमला साखर १६ ग्रॅमच. टिकत मात्र अजिबात नाहीत. पुण्याला पोचेस्तोवर खालचा थर चेमटला होता आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. सासूबाईंना एक अर्धकच्चा लागला, देठाच्या चिकाने ओठ चुरचुरले. “उंबराच्याच कुळातलं हे, औषधच,” म्हणत त्यांनी पुढच्यासाठी हात पुढे केलाच.