थेक्सडर: सहा महिने खेळल्यानंतर

आधी हे सांगतो की हा गेम मी नवीन म्हणून घेतलाच नाही. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांकडे एक फ्लॉपी होती, शनिवारी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं प्रॅक्टिकल लवकर संपलं की सर लावून द्यायचे, एका मशीनवर सहा जण, मेला की पुढचा. नाव कुणालाच नीट म्हणता यायचं नाही, आम्ही सरळ 'रोबोट-विमान' म्हणायचो. ती होती सिएरा ऑन-लाइन या अमेरिकन गेम कंपनीनं १९८७ ला अमेरिकेत आणलेली आवृत्ती, आणि पीसीच्या त्या पिपाणीसारख्या स्पीकरवर सुरुवातीला बीथोवनचा मूनलाइट सोनाटा वाजायचा. ते बीथोवन आहे हे मला वीस वर्षांनी कळलं, तोपर्यंत मी ते रोबोटचंच गाणं समजत होतो.

मूळ गेम जपानचा, गेम आर्ट्स या कंपनीचा, १९८५ सालचा, एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी-८८०१ या घरगुती कॉम्प्युटरसाठी केलेला. जपानी लोक याला 'तेगुझा' असं काहीतरी म्हणतात. तीच पीसी-८८०१ वाली आवृत्ती आता एगकन्सोल या जुन्या गेमच्या सिरीजमध्ये निन्टेंडोच्या स्विच या गेमिंग कन्सोलवर मिळते, म्हटलं बघू तरी आपण लहानपणी काय खेळत होतो.

पहिला आठवडा अक्षरशः डोकं फिरलं. रोबोट चालतो, उडी मारतो, आणि लेझर आपोआप जवळच्या शत्रूवर नेम धरतो, म्हणजे बटण दाबून ठेवलं की झालं असं वाटतं. मी तेच केलं आणि पहिल्याच लेव्हलला दहा-बारा वेळा मेलो. कारण लेझर फुकट नाहीये! एनर्जी १०० पासून सुरू होते, त्यातूनच लेझर जातो, शत्रू घासून गेला की त्यातूनच कटते, आणि शील्ड लावलं की एका फटक्यात १० गेले. जीव, गोळ्या, चिलखत सगळं एकाच गल्ल्यातून. काही शत्रू मारले की थोडी परत मिळते, सगळ्यांकडून नाही, मग कुठला मारायचा आणि कुठल्याला नमस्कार करून पुढे सटकायचं हे पाठ करावं लागतं. मला तर महिनाअखेरची आठवण यायची, पगार व्हायला चार दिवस आहेत आणि दारात केबलवाला.

मग विमान. खालची दिशा दाबली की रोबोट दुमडतो आणि जेट होतं, आणि हे दुमडणं अजूनही इतकं भारी दिसतं की मी उगाच उभ्या उभ्या करत बसतो, पाय आत जातात, अंग आडवं होतं, निघालं. चाळीस वर्षं जुना गेम आहे हो हा. पण जेटला थांबता येत नाही. आठही दिशांना वळतं पण हवेत उभं राहायचं नाव नाही, आणि लेझर फक्त नाकासमोर, नेम-बिम काही नाही. म्हणजे बोळ अरुंद असेल तर उंच रोबोट मावत नाही, विमानच व्हायला लागतं, आणि नेमकं तिथंच चारी बाजूंनी किडे येतात तेव्हा आपल्याला फक्त समोरचं मारता येतं. हे ज्यानं ठरवलं तो माणूस डोक्यानं चालू होता.

दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी उलटं खेळतोय. मी रोबोटला लढणारा आणि विमानाला पळणारा समजत होतो, पण बऱ्याच ठिकाणी विमानानं नुसतं झूम निघून जाणं स्वस्त पडतं, आणि रोबोट करायचा तो एनर्जी देणारे शत्रू दिसले की, शांतपणे, बटण टकटक दाबत. दाबून धरायचं नाही, सोडत सोडत. एवढ्या एका सवयीनं मी तिसऱ्या लेव्हलवरून सातव्याला गेलो.

कंट्रोलचं म्हणाल तर कंट्रोलरवरच्या गोल स्टिकनं खेळू नका, तिरकं जायचं असतं तेव्हा अंगठा भलतीकडेच घसरतो. मी ऑनलाइन एक स्वस्तातला डी-पॅडवाला, म्हणजे दिशांची वेगळी बटणं असलेला, कंट्रोलर मागवला, दीड महिन्यात त्याचं खालचं बटण बसलं, म्हणजे रोबोटचं विमान होणंच बंद! दुकानदाराला फोन करून हे समजावताना माझी मलाच लाज वाटली. आता जुनाच वापरतोय.

संगीत एफएम चिपचं, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या खास चिपचं आहे, क्लासमधल्या पिपाणीच्या मानानं राजेशाही, पण खेळताना तीच धून फिरून फिरून येते. बायको आता भाजी चिरताना ती गुणगुणते आणि मग माझ्यावरच चिडते. गोष्ट वगैरे काही शोधू नका, जपानी न येण्यानं काहीही अडत नाही. चित्रं साधी, आठच रंग, भिंती भिंती आणि परत भिंती.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे कुठेही सेव्ह करता येतं. क्लासमध्ये मेलात की परत पहिल्यापासून आणि तेही पाच जणांचा नंबर झाल्यावर, त्यामुळे सोळापैकी चौथी लेव्हलसुद्धा आमच्यात कुणी बघितली नव्हती. सेव्हशिवाय मी आजही सहाव्याच्या पुढे जात नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यात एक गोची आहे. परवा रात्री अकराव्या लेव्हलला पोचलो, झोप येत होती, खुशीत सेव्ह केलं आणि बंद केलं. काल उघडून बघतो तर एनर्जी ७. शील्डला १० लागतात. आणि आधीचं सेव्ह मी त्याच्यावरच पुसून टाकलंय.